बक्षिसामागचे नाव
(पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे शाळेचे स्नेहसंमेलन असो की क्रिकेटचे सामने, मंडपाच्या कमानीवर कुणाचे ना कुणाचे नाव असतेच. खर्चाला पैसा लागतो, तो कुणीतरी देतो. यात वावगे काय, असे आपण विचाराल. गावातल्या दुकानदाराबद्दल माझी तक्रार नाही. त्याला आणि त्याच्या मालाला आपण ओळखतो.

पण एक हकिकत ऐका. 1995 साली भारत-न्यूझीलंड क्रिकेट मालिकेची प्रायोजक विल्स सिगारेट होती. "ओढा" असे मैदानावरून कुणी सांगत नव्हते. नाव तेवढे दिसत होते. गोव्यातील डॉ. शरद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शाळकरी मुलांकडे विचारणा केली. तो अहवाल 1996 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. सिगारेटने खेळ सुधारतो, अशी काही मुलांची समजूत झाली होती, आणि अशा मुलांत तंबाखू चाखून पाहण्याचे प्रमाण अधिक आढळले. न बोलता शिकवलेला धडा मुले किती लवकर पाठ करतात पाहा! आम्ही मास्तर मंडळी वर्षभर घसा कोरडा करतो, ते वेगळेच.

1996 चा विश्वचषकही विल्सचाच होता. 2001 मध्ये कंपनीने क्रिकेटचे प्रायोजकत्व सोडले, आणि 2003 च्या केंद्रीय कायद्याने तंबाखूच्या अशा प्रायोजकत्वावर बंदी आणली. व्यापार मात्र हुशार असतो. गुटख्याचे ओळखीचे नाव आता वेलचीच्या डबीवर झळकते. पैसे लावून खेळायच्या एका ॲपचे नाव 2023 ते 2025 भारतीय संघाच्या छातीवर होते. कायदा आला तेव्हा ते उतरले.

आपल्याकडे आणखी एक प्रकार रुजला आहे. गुणवंतांच्या सत्काराचा खर्च लातूर-नांदेडकडचे शिकवणी वर्ग उचलतात. ट्रॉफी मिळते, फोटो निघतो, आणि जाताना पालकांचे फोन नंबर लिहून घेतले जातात. दुसऱ्या दिवसापासून फी किती आणि हप्ते किती, हीच बोलणी. हुशार मूल शेतकऱ्याचे की हमालाचे, हे त्या वहीत नसते.

म्हणून संस्थेच्या चालकांना माझी विनंती आहे. देणगी जरूर घ्यावी, देणाऱ्याचे नाव या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर आदराने छापावे. मुलांच्या बनियनवर नको. आणि विद्यार्थ्यांची यादी कुणाच्याही हाती देऊ नये. पालकहो, पुढच्या सभेत हा ठराव आपणच मांडा. मी अनुमोदन देईन.