फरशीखालचे अंगण



घर बांधून झाले, रंग लागला, वास्तू झाली किंवा घराला आशीर्वाद मिळाला, की मग घरधन्याचे लक्ष अंगणाकडे वळते. तोवर हातातला पैसा संपत आलेला असतो आणि उत्साहही. गवंड्याला एकच प्रश्न विचारला जातो : "फरशीचा चौरसफुटी दर काय?" त्या दरात फरशी असते, तिची बसवणूक असते, दरजा भरणे असते. फरशीच्या खाली काय असावे, याचा उल्लेख बहुधा कोणीच करीत नाही. मला आज बोलायचे आहे ते त्या अनुल्लेखित भागाविषयी.

बेळगाव, हैदराबाद, इंदूर, बडोदे, कुठेही जा. पाचसहा वर्षांपूर्वी फरसबंद केलेल्या अंगणांपैकी कितीतरी अंगणे आज लाटांसारखी वरखाली झालेली दिसतील. एक फरशी खचलेली, शेजारची उचललेली, मधल्या दरजेत गवत. हा केवळ दिसण्याचा प्रश्न असता, तर त्यावर मी आपला वेळ घेतला नसता. परंतु अर्धा इंच वर आलेली कड पहाटे अंधारात बाहेर पडणाऱ्या सत्तरीच्या माणसाला पुरेशी असते. माझ्या परिचयाच्या एका घरी आजीबाई अशाच कडेला ठेचकाळल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि त्यानंतर त्या स्वतःच्या पायांनी अंगणात आल्या नाहीत. दुसरा धोका याहून मूक असतो. खचलेली फरशी घराच्या भिंतीकडे कलते, पावसाचे पाणी जोत्याशी थांबते, आणि दोनतीन पावसाळ्यांत आतल्या भिंतीला ओल चढते.

फरशी स्वतः काहीच पेलत नाही. ती वजन पसरवून खाली पोचवते इतकेच. खरे वजन पेलते ती जमीन, आणि जमीन व फरशी यांच्यामध्ये असतो तो भराव. या बाबतीत एका स्कॉटिश गृहस्थाचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. जॉन लाउडन मॅकॅडम हे १८१६ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलच्या रस्त्यांचे प्रमुख झाले. त्यांचा सिद्धांत असा, की मूळची जमीन कोरडी ठेवता आली तर ती हवे तेवढे ओझे वाहील. दगडांच्या थराचे मुख्य काम तिच्यापर्यंत पाणी पोचू न देणे हे आहे. दगडही त्यांनी नदीतले गुळगुळीत गोटे घेतले नाहीत, फोडलेली लहान खडी घेतली. कारण सोपे आहे. गोट्यांचा ढीग पायाने सरकतो. फोडलेल्या खडीचे कोपरे एकमेकांत अडकतात आणि दाबले की अधिकच घट्ट होतात.

त्याच्याही किती आधी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुकाराने फरसबंदीची रीत लिहून ठेवली आहे. तळाशी मुठीएवढे दगड, त्यावर चुना मिसळलेली खडी, आणि ती खडी माणसांच्या टोळ्या लावून लाकडी धुम्मसांनी इतकी चोपायची, की चोपून झाल्यावर पाऊण फूट जाडी उरावी. शेवटचा तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. जाडी मोजायची ती चोपल्यानंतरची. आपल्याकडे नेमके उलट होते : पाटीतून ओतलेला मुरूम मोजला जातो, आणि त्याचे पैसे चुकते होतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, अंगण २० फूट लांब आणि भिंतीपासून १५ फूट रुंद आहे. प्रथम फरशीची अंतिम पातळी ठरवा. ती जोत्याच्या वरच्या काठाच्या किमान ६ इंच खाली असावी. भिंतीपासून बाहेर उतार ६० ला १, म्हणजे १५ फुटांत ३ इंच. एवढा उतार डोळ्यांना जाणवत नाही, खुर्ची डगमगत नाही, पण पाण्याला पुरतो. एक इंच पाऊस पडला तर एवढ्या अंगणावर सुमारे ७०० लिटर पाणी जमते. त्याने कुठे जावे हे आपण ठरविले नाही, तर ते पाणीच ठरवील. खुंट्या ठोकून दोरी बांधा आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पातळी तपासा. हा उतार खोदाईच्या तळालाच द्यावयाचा असतो. वरच्या वाळूत कमीजास्त करून उतार साधणारे पुष्कळ आहेत. त्यांचा थर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होतो आणि जाड बाजू आधी खचते.

खोदाई किती? फरशी १ इंच, तिच्याखालची वाळू दीड इंच, भराव ४ इंच. एकूण साडेसहा इंच. वरची काळसर, मुळ्या-पालापाचोळ्याची माती सगळी काढून झाडांच्या आळ्यांत टाकावी. ती कुजत जाते आणि कुजताना जागा सोडते. तिच्यावर कितीही चोपले तरी व्यर्थ. नळ किंवा गटाराचा पाइप ज्या चरातून गेला असेल, तो चर पुन्हा उघडून थराथराने चोपून भरावा. अंगणात सरळ रेषेत खचलेली पट्टी दिसली, की तिच्याखाली घाईने बुजवलेला चर आहे असे खुशाल समजावे.

जमिनीची जात येथे फार महत्त्वाची आहे. गोव्यात किंवा बेळगावच्या पश्चिमेकडे जांभ्याची तांबडी जमीन असते. ती भल्या माणसासारखी आहे. चोपली की बसते आणि बसली की हलत नाही. परंतु बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडे, तसेच माळव्यात आणि बडोद्याच्या आसपास काळी माती आहे. ती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट दगडाचे सोलिंग टाकले, तर पहिल्याच पावसात ओली माती दगडांच्या फटींतून वर चढते आणि दगड खाली रुततात. अशा ठिकाणी आणखी ४ ते ६ इंच खोल खणून तळाशी बारीक मुरमाचा थर चोपून घालावा आणि मग वरचा भराव करावा. हल्ली माती अडवणारे न कुजणारे कापडही मिळते. ते तळाशी अंथरल्यास माती आणि भराव वेगळे राहतात. खर्च थोडा, उपयोग मोठा.

भरावासाठी एकाच आकाराची खडी नको. दीड इंचाच्या खडीपासून भुकटीपर्यंत सर्व आकार मिसळलेले हवेत, म्हणजे मोठ्यांच्या फटी लहान भरतात आणि लहानांच्या फटी भुकटी भरते. चांगला, फार चिकण नसलेला मुरूमही चालतो. हिशेब असा : ३०० चौरस फुटांवर ४ इंच म्हणजे १०० घनफूट, अर्थात बरोबर एक ब्रास. पण हा चोपलेला. सुटा मुरूम चोपल्यावर सुमारे एक पंचमांश बसतो, म्हणून मागवावयाचा सव्वा ब्रास.

हा सव्वा ब्रास एकदम ओतून वरून चोपल्यास धुम्मसाचा मार वरच्या दोनअडीच इंचांतच संपतो आणि खालचा मुरूम होता तसाच पोकळ राहतो. म्हणून अडीच अडीच इंचांचे दोन थर करावेत. पहिला पूर्ण बसल्याखेरीज दुसरा टाकू नये. आठदहा किलोचा लोखंडी धुम्मस उत्तम. भाड्याने मिळणारे पत्र्याच्या तळाचे कंपनयंत्र त्याहून सोपे, मात्र भिंतीलगत व कोपऱ्यांत हातधुम्मसावाचून गत्यंतर नाही. तेथेच काम कच्चे राहते, आणि नेमके तेथेच पाणी मुरते.

पाणी किती शिंपडावे, हा सर्वांत नाजूक प्रश्न. १९३३ साली अमेरिकेत राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने लेख लिहून दाखविले, की प्रत्येक मातीला ओलाव्याचे एक ठराविक प्रमाण असते आणि त्याच प्रमाणात ती जास्तीत जास्त घट्ट होते. कोरडे कण एकमेकांवर अडतात, सरकत नाहीत. पाणी जास्त झाले तर कणांमधली जागा तेच अडवून बसते, आणि पाणी काही दाबून लहान होत नाही. आपल्या शेतकऱ्याला यातले मर्म अपरिचित नाही. खळे करताना तो जमिनीला पाणी देतो, पण लगेच चोपत नाही. वाफशाची वाट पाहतो. परीक्षा हाताची आहे. मूठभर मुरूम घट्ट दाबा. गोळा झाला, तळहात ओला झाला नाही, आणि अंगठ्याने दाबताच गोळ्याचे दोनतीन तुकडे झाले, तर ओलावा योग्य. गोळाच होत नसेल तर शिंपडा. बोटांतून चिखल येत असेल तर उन्हात पसरून उद्या या.

काम नीट झाले की नाही हे आवाजावरून कळते. सुरुवातीला धुम्मस 'धप्' असा बसतो. पुढे तो उसळू लागतो आणि आवाज टणक होतो. मग टाच जोराने आपटून पाहा, ठसा उमटता कामा नये. मालाने भरलेली हातगाडी फिरवा. चाकोरी पडली तर पुन्हा चोपा. येथे मोटार उभी करावयाची असेल, तर मात्र हा हिशेब पुरणार नाही. भराव किमान दुप्पट हवा आणि एक इंची फरशीही उपयोगाची नाही.

कडेचा बंदोबस्त राहिला. मत्तयच्या शुभवर्तमानात वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे आणि तेव्हापासून वाळूची नाहक बदनामी झाली आहे. त्या गोष्टीतही घर पडते ते पाऊस आणि पूर आल्यावर. वाळू चारही बाजूंनी कोंडलेली असेल आणि तिच्यातून पाणी वाहत नसेल, तर ती उत्तम बैठक आहे. म्हणून अंगणाच्या तिन्ही मोकळ्या कडांना दगडाची किंवा विटांची पट्टी चुन्या-सिमेंटात पक्की बसवावी आणि मगच आत दीड इंच वाळू किंवा खडीची कच पसरावी. कडेवाचून वाळू दरवर्षी थोडी थोडी वाहून जाते आणि तिच्यामागोमाग फरशी.

गवंड्यांना आणि बिगाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण चौरसफुटाच्या दराने काम घेतलेल्या माणसाला चोपण्यात घालवलेला प्रत्येक तास पदरमोड करावी लागतो. धुम्मस मारणे हे अंग मोडणारे काम आहे. माझा आग्रह असा, की भरावाचे आणि चोपण्याचे काम रोजावर द्यावे, दराच्या बाहेर ठेवावे, आणि त्या दोन दिवसांत घरच्या कोणीतरी तेथे उभे राहावे. पाळत ठेवायला नव्हे, पाणी शिंपडायला आणि चहा द्यायला.

काम शक्यतो दिवाळीनंतर, जमिनीत बेताची ओल असताना करावे. भर वैशाखात भेगाळलेल्या काळ्या मातीवर केलेले काम आषाढात उचलले जाते. पुढच्या पहिल्या चांगल्या पावसात छत्री घेऊन दारात उभे राहा आणि पाणी कसे धावते ते पाहा. जिथे थारोळे राहील तिथे, फरशी वाळल्यावर, खडूने खूण करा. वाळूवर बसविलेली तेवढी एकच फरशी पहारीने उचलता येते. खाली मूठ दोन मुठी कच घाला, लाकडी ठोकळ्याने ठोका, दरज पुन्हा भरा.