गाण्याच्या आधीचं काम

(अपंग मुलामुलींच्या संगीत शिबिराच्या तयारीसाठी कोल्हापुरात जमलेल्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



गाणी कोणती घ्यायची, हलगी कोण वाजवणार, चित्रं आणि मातीकाम कधी, ही यादी तुम्ही छान केली आहे. मला त्याआधीचं बोलायचं आहे.

अशाच एका शिबिरात मी होते. मुलगे पुष्कळ आले, मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिबिर रंगलं म्हणून आम्ही खूश. नंतर, मुली का आल्या नाहीत हे विचारायला घरोघर गेलो. एका आईनं आम्हालाच विचारलं, "पाच दिवस तिला संडासला कोण नेणार? पाळी आली तर कोण बघणार? आणि रात्री तिच्याजवळ कोण झोपणार?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. गाण्यांची वही मात्र तयार होती.

जुन्या मैत्रिणींना फेब्रुवारी १९९४ आठवत असेल. शिरूरच्या शासकीय गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या, आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. पाळीत मदतीला एक बाई नेमण्यापेक्षा मुलीचा अवयव काढणं सोपं वाटलं होतं. आपण त्याचा निषेध केला. पण शिबिरात आपण काय केलं? मदतीची सोय केली नाही, म्हणजे मुलीलाच वगळलं. कारण तेच होतं.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कलम १० म्हणतं की, स्वतःच्या संमतीशिवाय कुणावरही मूल होणं बंद करणारा उपचार करता येणार नाही. कलम २९ संस्कृती आणि करमणुकीचा हक्क सांगतं. म्हणजे गाणं ही आपण वाटायची खिरापत नाही. तो तिचा हक्क आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं नोंदली गेली, त्यांत बायका सुमारे १ कोटी १८ लाख. गणनेवाला दारात आला की मुलीचं अपंगत्व सांगायला घरं कचरतात, हे आपल्यातल्या अनेकींनी पाहिलं आहे.

कोल्हापूरला हे बाहेरून शिकवायला नको. 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था इथेच १९८४ साली उभी राहिली. ती काढणाऱ्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर. त्यांच्या सहकारी रजनी करकरे-देशपांडे पोलिओने अधू, आणि गायिका. मदत घेणाऱ्या नव्हे, काम उभं करणाऱ्या अपंग बायका या गावाने पाहिल्या आहेत.

तेव्हा या वेळी आधी घरोघर जाऊ या. पत्रकात स्पष्ट लिहू या: संडास कसा आहे, दार किती रुंद आहे, पाळीत मदतीला कोण आहे, रात्री मुलींच्या खोलीत कोणत्या ताई असतील. उतरण करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा, नाहीतर खुर्ची ढकलणारीचा जीव जाईल. मदत करण्यापूर्वी मुलीला विचारा. उचलतानाही विचारा. 'नाही' म्हणता येतं, हे काहीजणी इथेच पहिल्यांदा शिकतील. आणि त्या पाच दिवसांत आईलाही मोकळा श्वास मिळेल. तिला स्वयंपाकघरात जुंपू नका.

मग गाणं. ऐकू न येणाऱ्या मुलीचा तळहात ढोलकीच्या कातड्यावर ठेवा, ठेका तिला हातात कळेल. बोटं वळत नसतील तर घुंगरं मनगटाला बांधा. जिला शब्द उच्चारायला वेळ लागतो, तिच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं. ताल तिने धरायचा, आपण मागून जायचं. जात्यावरच्या ओव्या घ्या, आज्यांना येतात, मुली जोडतील. शेवटच्या दिवशी पाहुण्यांपुढे कार्यक्रम करायचा की नाही, हे मुलामुलींनाच ठरवू द्या.

त्या आईकडे मी पुन्हा जाणार आहे. या वेळी तिच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ हवीत. ती तुम्ही आज, उठण्याआधी, मला द्या. कोण नावं देतंय?