न दिसणारे दुखणे



आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. मग दुखण्यावर बोलायला हे गृहस्थ कसे उभे राहिले, असे आपल्या मनात आले असेल. त्याचे कारण एक चूक आहे, आणि ती आमची आहे. तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करतो.

चाकणकडच्या एका कारखान्यात मोटारींच्या वायरी जोडणाऱ्या एक बाई आमच्या युनियनच्या सभासद होत्या. आधी त्यांची मान आणि खांदे दुखू लागले. मग पाठ, कंबर, मांड्या. सकाळी अंग लाकडासारखे ताठ. आठ तास झोपूनही रात्रपाळी करून आल्यासारखा शीण. हातातली वायर कोठे लावायची हे ऐन वेळी आठवेना. रक्त तपासले, एक्स-रे काढले, सगळे ठीक! रजा वाढल्या तसे साहेब लोक म्हणाले, ढोंग आहे. सांगायला लाज वाटते, पण आमच्याही मनात तेच आले. “भाऊ, मी खोटं नाही हो बोलत,” असे त्या म्हणाल्या. आम्ही म्हणालो, “ताई, कागदावर काही दाखवा, मग भांडतो.” कागद नव्हता. बाईंनी राजीनामा दिला.

दीड वर्षाने त्या पुन्हा आमच्या कचेरीत आल्या. नोकरी मागायला नव्हे. पुण्यातल्या एका संधिवाततज्ज्ञांनी दुखण्याचे नाव लिहून दिले होते, तेवढे दाखवायला. नाव होते फायब्रोमायाल्जिया. त्या दिवसापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत आलो, आणि जाणकारांना विचारीत आलो.

नाव अवघड आहे, पण दुखणे जुने आहे. १९०४ साली लंडनमध्ये गॉवर्स नावाच्या डॉक्टरांनी कंबरदुखीवर व्याख्यान दिले आणि स्नायूंतल्या तंतूंना सूज येते असे समजून त्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटले. पुढे शोधूनही ती सूज सापडेना. म्हणून १९७६ च्या सुमारास आजचे नाव रूढ होऊ लागले. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी अंगावरच्या १८ जागा ठरवल्या; त्यांतल्या ११ दाबल्यावर दुखल्या तर हा विकार, असा नियम केला. २०१० साली तो मोजका नियम मागे पडला, आणि अंगाचा किती भाग दुखतो, शीण किती, झोप कशी, स्मरण कसे, हे रोग्याला विचारून ठरवावे असे आले. म्हणजे शास्त्रालासुद्धा अखेर रोग्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला. आम्ही मात्र कागद मागत बसलो होतो.

सूज नाही, जखम नाही, मग दुखते का? कारखान्यात आगीची घंटा असते. ती इतकी हळवी झाली की बिडीच्या धुरानेही वाजू लागली, असे समजा. आग नाही, पण घंटा खरोखर वाजते आहे, आणि कान खरोखर किटतात. या विकारात मज्जासंस्थेचे असेच काहीसे होते, असे आज मानतात. साध्या स्पर्शाची, थंडीची, आवाजाचीही कळ होते. तेव्हा वेदना खरी असते.

आता खुणा लक्षात ठेवा. शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली, तीन महिन्यांहून अधिक काळ दुखणे, झोपूनही ताजेपणा न येणे, विसराळूपणा, जोडीला पुष्कळदा डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, मन खचणे. बायकांत हा विकार अधिक आढळतो, पण पुरुष सुटलेले नाहीत. मात्र प्रत्येक अंगदुखी हीच असे कोणी समजू नये. सांधे सुजले, ताप येऊ लागला, वजन घटले, हातापायांतली शक्ती गेली, तर दुसरे काही असू शकते. थायरॉइड, रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाची उणीव, आमवात हेही तपासून घ्यावे लागतात. ते काम डॉक्टरांचे.

या विकाराने सांधे वाकडे होत नाहीत, जीवही जात नाही. पण समूळ जाईल असे औषधही नाही. काही औषधांनी काहींना उतार पडतो. मनाने रोज वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या तर गुण थोडा, आणि पोटाला व मूत्रपिंडाला अपाय. सर्वांत भरवशाचा उपाय हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, असे युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ साली सांगितले. आज दहा मिनिटे चालणे, पुढच्या आठवड्यात बारा. शिवाय नियमित झोप, आणि घरच्यांचा विश्वास.

ही साहेबांच्या देशातली दुखणी, असे कोणी म्हणेल. आपल्याच पुणे जिल्ह्यात, भिगवणला, १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांत शेकडा १८ जणांना हाडे, सांधे, स्नायूंची दुखणी होती. सगळी या विकाराची नव्हेत. पण अंग दुखणारा माणूस आपल्या गावातही किती आहे, ते यावरून कळते. इथे माणमध्ये शेते गेली आणि आयटीच्या इमारती आल्या. त्या झाडणाऱ्या बाया आणि त्यांत संगणकापुढे बसणारी पोरे यांपैकी कोण रात्री कुशीवर वळताना कण्हते, हे आपण कधी विचारले आहे काय?

१९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला व्यावसायिक रोगांची यादी जोडलेली होती. शिसे होते, पारा होता. हे दुखणे नव्हते. आणि ते कामामुळेच होते असे छातीठोकपणे आम्हीही म्हणणार नाही. पण हलके काम, मधून मधून उठायची मोकळीक, दर आठवड्याला न बदलणारी पाळी, एवढे मागायला यादी कशाला हवी?

ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. पण ते आपण आपल्या सुटकेसाठी म्हणतो. ज्याचे जळत नाही त्याने निदान विचारावे तरी. उद्या घरी सून म्हणाली, अंग ठणकते आहे, तर “आमच्या वेळी असं नव्हतं” म्हणू नका. खाली बसा, आणि कुठे दुखते, केव्हापासून, झोप लागते का, हे विचारा. त्या बाईंना आम्ही हे विचारले असते, तर नोकरी वाचली असती की नाही, सांगता येत नाही. पण युनियनच्या दारातून तरी त्या खोट्या ठरून गेल्या नसत्या.