चौसष्ट बाइटांचे वाटणीपत्र



गेली तीस वर्षे मी कामगारांच्या सभांतून बोलत आलो आहे. तेथले विषय ठरलेले: पगार, बोनस, हजेरी, कपात. आज मी संगणकाच्या डिस्कविषयी बोलणार हे पत्रिकेत वाचून माझ्या कचेरीतली मंडळी हसली. त्यांचे हसणे रास्त आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले, ते युनियनच्या कचेरीत रात्री बसून आणि चुका करून. आजचे व्याख्यान त्यांतल्याच एका चुकीचे आहे.

२०१६ सालची गोष्ट. एक कारखाना बंद पडला होता आणि १४३ कामगारांचे ग्रॅच्युइटीचे दावे चालू होते. त्यासाठी सलग पाच वर्षांची नोकरी दाखवावी लागे. मालकांचे म्हणणे, यांतले निम्मे लोक ठेकेदाराचे, आमचे नव्हेतच! आमचा पुरावा म्हणजे जुनी हजेरीकार्डे आणि पगाराच्या चिठ्ठ्या. घरोघर फिरून, कोणाच्या ट्रंकेतून, कोणाच्या देव्हाऱ्यामागून त्या मिळवल्या, स्कॅन केल्या आणि ज्याच्या त्याला परत दिल्या. पुढे लोक गावोगाव पांगले. सगळी चित्रे एका बाहेरून जोडायच्या डिस्कवर होती. दुसरी प्रत काढायची राहून गेली होती.

सुनावणीला अकरा दिवस उरले असताना, काम चालू असता वीज गेली. वीज आल्यावर डिस्क दिसेना. मी डिस्कांची व्यवस्था दाखवणारी खिडकी उघडली. तिने विचारले, ही डिस्क इनिशियलाइज करायची का? मी नीट वाचले नाही आणि ‘ओके’ दाबले. न वाचता कागदावर सही करू नका, हे मी हजारो कामगारांना सांगितले असेल. त्या दिवशी मीच सही करून बसलो.

झाले काय होते, ते सांगतो. डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची लांबच लांब रांग. या खणाला सेक्टर म्हणतात. आमची डिस्क ५०० जीबीची. तिच्यात ५१२ बाइटांचे ९७,६७,७३,१६८ सेक्टर. त्यांतल्या अगदी पहिल्या सेक्टरात ६४ बाइटांचे एक कोष्टक असते, त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. मी त्याला वाटणीपत्र म्हणतो. त्यात चार नोंदींपुरती जागा, प्रत्येक नोंद १६ बाइटांची: हा विभाग कोणत्या प्रकारचा, कोणत्या सेक्टरापासून सुरू, किती सेक्टरांचा. १९८३ साली आयबीएमच्या छोट्या संगणकांबरोबर ही पद्धत आली. ६४ बाइटांत आजच्या पद्धतीने देवनागरीची जेमतेम एकवीस चिन्हे मावतात. एवढ्या जागेवर सगळ्या डिस्कची वहिवाट अवलंबून!

माझ्या ‘ओके’ने हे वाटणीपत्र कोरे झाले. कार्डे मात्र जागच्या जागी होती. तलाठ्याचे दफ्तर जळले म्हणून शेत नाहीसे होत नाही. मोजणीदार येतो, हद्दीचे दगड शोधतो आणि उतारा पुन्हा तयार होतो. या उपमेत एक लंगडेपणा आहे, आणि तोच महत्त्वाचा. शेतात कोणी चुकून नांगर घातला तरी जमीन जात नाही. डिस्कवर कोणी नवे लिहिले, तर खालचे जुने कायमचे जाते.

बाजारातल्या एका दुकानदाराने सांगितले, “फॉरमॅट मारून देतो, डिस्क नव्यासारखी चालेल.” डिस्क चालेल हो, पण कार्डे? मी ती पिशवीत घालून परत आणली. आमच्या एका सभासदाची मुलगी संगणक शिकलेली. तिला फोन केला. ती म्हणाली, “काका, आता कशालाही हात लावू नका. डिस्क काढून ठेवा. खरखर, टकटक असा आवाज येतो का?” आवाज येत नव्हता. येत असता तर दोष यंत्रात असता, आणि मग घरचे उपाय थांबवून जाणत्या कारागिराकडेच जावे लागले असते.

रविवारी ती आली. तिने पहिल्यांदा तेवढीच मोठी दुसरी डिस्क आणायला लावली आणि पहिल्या सेक्टरापासून शेवटच्यापर्यंत हुबेहूब नक्कल काढली. सुमारे पाच तास लागले. मी अधीर झालो होतो. ती चहा पीत बसली होती. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. मूळ डिस्क कपाटात.

मग तिने टेस्टडिस्क नावाचा प्रोग्रॅम चालवला. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तो लिहिला आणि सर्वांना मोफत, उघडा ठेवला. असे श्रम फुकट वाटणाऱ्यांविषयी आम्हा संघटनेच्या माणसांना विशेष आपुलकी वाटते. हा प्रोग्रॅम म्हणजे मोजणीदार. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक विभागाच्या पहिल्या सेक्टरात ओळखीची खूण असते, आणि तिची नक्कल विभागाच्या शेवटच्या सेक्टरात. हेच हद्दीचे दगड. दोन दगड सापडले की मधली जमीन कळते.

वरवरच्या शोधात एकच विभाग मिळाला, जमाखर्चाचा. कार्डांचा विभाग दिसेना. माझ्या पोटात गोळा आला. तिने खोल शोध लावला. तो रात्रभर चालला. पहाटे पडद्यावर दुसरी ओळ उमटली. तिने लगेच लिहायची आज्ञा दिली नाही. आधी ‘पी’ची कळ दाबून विभागातल्या फायलींची यादी पाहिली. फायलींना आम्ही कामगारांची आडनावे दिली होती. ती मी एकेक मोठ्याने वाचली, १४३ भरली. मग तिने वाटणीपत्र लिहिले, संगणक बंद करून पुन्हा चालू केला, आणि कार्डे उघडू लागली.

हा उपाय सगळीकडे चालतो असे समजू नका. एसएसडी नावाच्या डिस्कवर फॉरमॅट केले, तर मोकळी झालेली जागा ती स्वतःच पुसून टाकू शकते. मग मोजणीदार काय करणार? नव्या जीपीटी पद्धतीत मात्र वाटणीपत्राची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, आणि मजकूर बिघडला आहे की नाही हे ताडून पाहायचा आकडाही असतो. दुसरी प्रत ठेवायची अक्कल यंत्राला आली, मालकांना अजून आलेली नाही. हे जरा विषयांतर झाले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळी कार्डे छापून काढली. समोरच्या वकिलांनी विचारले, “हे सगळे कुठून आणलेत?” मी म्हटले, “देव्हाऱ्यामागून.” मूळ डिस्क अजून कपाटात आहे, नक्कल त्या मुलीच्या घरी, आणि तिसरी प्रत आमच्या खजिनदाराकडे.