मोरोक्कोचे कुंभार आणि त्यांचे पेले



मोरोक्को देशांत पाहुणा घरीं आला म्हणजे त्याच्यापुढें पुदिन्याचा गोड चहा येतो. चिनी हिरव्या चहाचीं बारीक गोळ्यांसारखीं वळलेलीं पानें, पुदिन्याची जुडी आणि सढळ हातानें साखर, असा हा चहा धातूच्या किटलींत तयार होतो. यजमान हातभर उंचीवरून धार धरतो, म्हणजे वर फेंस चढतो. पण ही धार पडते ती कांचेच्या लहानशा पेल्यांत! ज्या देशाचीं मातीचीं भांडीं दूरदूरचे लोक कौतुकानें विकत घेतात, तेथें चहासाठीं मात्र धातु आणि कांच, ही विसंगति विचार करण्याजोगी आहे.

कारण असें, कीं कुंभाराचें चाक तेथें शतकानुशतकें फिरत आहे. चहा मागाहून आला. राजदरबारीं तो नजराणा म्हणून आधींच पोहोंचला होता, परंतु सामान्यांच्या घरांत शिरला तो एकोणिसाव्या शतकांत. १८५३ ते १८५६ पर्यंत चाललेल्या क्रिमियाच्या युद्धामुळें इंग्रज व्यापाऱ्यांच्या उत्तरेकडील पेठा अडल्या आणि त्यांनीं आपला चहा टँजिअर व मोगादोर या बंदरांत उतरविला, असें सांगतात. पाठोपाठ मँचेस्टरच्या किटल्याही आल्या. चहा आपलीं भांडीं बरोबर घेऊनच आला म्हणाना!

मातीच्या वांट्याला राहिले ते हरीरा नांवाच्या दाट कढणाचे वाडगे, पाण्याचे घडे आणि तूपमधाच्या बरण्या. पुढें १९१२ पासून १९५६ पर्यंत फ्रेंचांचा अंमल असतां कॉफी फोफावली, पण तीही बहुधा कांचेच्या पेल्यांतच. म्हणजे रंगीत मातीचे जे कप आज तेथून येतात, ते बऱ्याच अंशीं परक्या गिऱ्हाइकासाठीं घडूं लागले. मला यांत कांहींच कमीपणा दिसत नाहीं. गिऱ्हाईक पाहून मडकें घडविणें हा कुंभाराचा जुनाच धर्म आहे.

फेझ शहराची माती करडी. ती भिजवून, पायांनीं तुडवून चाकावर चढवितात. एकदां भाजल्यावर पांढरी झिलई देऊन तिच्यावर निळ्या रंगाची नक्षी काढतात आणि पुन्हां भट्टींत घालतात. जळण म्हणून ऑलिव्हच्या तेलघाण्यांतील चोथा व आठळ्या वापरीत. त्याचा काळा धूर शहराला असह्य झाला, म्हणून कुंभारवाडा गांवाबाहेर ऐन नोक्बी येथें हलविण्यांत आला. दुसरें ठिकाण समुद्रकांठचें साफी. १५०८ ते १५४१ पर्यंत हें पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें; याच काळांत, १५१० सालीं, त्यांनीं गोवा घेतला. येथें १९२० च्या सुमारास अल्जीरियाच्या बूजमा लामाली या कारागिरानें कुंभारकामाची शाळा चालविली. तिसरें तामग्रूत, दक्षिणेकडे द्रा नदीच्या खोऱ्यांत. तेथील तांब्याच्या योगानें आलेली हिरवी झिलई कोठें दाट, कोठें विरळ असते. दोन पेले सारखे मिळावयाचे नाहींत, आणि हीच त्यांची गोडी.

आतां मुख्य मुद्दा. जुन्या पद्धतीच्या झिलईंत पुष्कळदां शिसें असतें. त्यामुळें झिलई कमी आंचेवर वितळते आणि छान चकाकते. परंतु तें आंबट व ऊन पदार्थांत थोडें थोडें उतरतें, आणि लहान मुलांना विशेष अपायकारक असतें. आपल्या घरांतील बायका कल्हई नसलेल्या पितळेंत ताक ठेवीत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार. लिंबू पिळलेला चहा अशा पेल्यांत रोज पिणें शहाणपणाचें नव्हे. उपाय नाहीं असें नाहीं. शिशाविरहित झिलई मिळते. मात्र तिला पुष्कळदां अधिक व एकसारखी आंच लागते. फेझमध्यें गॅसच्या भट्ट्या आल्या आहेत, पण अशी भट्टी बांधावयाची तर पैसा हवा, आणि तो प्रत्येक कुंभारापाशीं कोठून असणार? विकत घेणारानें शिशाविषयीं स्पष्ट विचारावें आणि खात्रीच्या मालाला चार पैसे अधिक मोजावे. त्यांतूनच नवी भट्टी उभी राहील. ज्याची खात्री मिळत नाहीं तो पेला आवडला तर अवश्य घ्यावा, मेजावर ठेवून त्यांत लेखण्या उभ्या कराव्या, आणि चहा दुसऱ्या भांड्यांत प्यावा.