बिऱ्हाड हलते तेव्हा जुन्या फायलींचे काय?

(इगतपुरी येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावर चार शब्द बोला असे मला सांगण्यात आले, तेव्हा नोकऱ्या, पगार आणि पुण्या-मुंबईचे वर्ग यांविषयी मी बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज एक घरगुती वाटणारा प्रश्न घेतला आहे. सॉफ्टवेअर एका घरातून दुसऱ्या घरात राहायला जाते, तेव्हा त्याच्या जुन्या फायलींचे काय होते?

प्रश्न दूरचा वाटेल, पण मराठी छपाईकडे पाहा. अनेक वर्षे आपल्याकडचे मुद्रक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी वापरत आले. त्या जुन्या पद्धतीने जुळवलेली फाइल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. मजकूर जागच्या जागी असतो. वाचण्याची किल्ली तेवढी हरवलेली असते.

याच मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले काही भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅट या कंपनीने २००४ साली सर्वांसाठी खुले केले. त्यांचे नाव लोहित. लोहित म्हणजे तांबडा, आणि रेड हॅट म्हणजे तांबडी टोपी, हे मुलांच्या लक्षात आलेच असेल. पुढे पुण्यातच रेड हॅटच्या लोकांनी ते वाढवले. त्यात लोहित देवनागरी आहे आणि लोहित मराठीही आहे. श्री-लिपी विकत घ्यावी लागते, तिची प्रत वाटता येत नाही. लोहितची प्रत काढायला, ती दुसऱ्याला द्यायला परवाना स्वतःच मुभा देतो. (चोरून उतरवलेली सॉफ्टवेअरे वापरण्याची आपली सवय मला शिक्षक म्हणून मुळीच आवडत नाही. खुला पर्याय असताना ती क्षम्यही नाही.)

लोहितच्या फायली फेडोरा-होस्टेड नावाच्या ठिकाणी ठेवलेल्या होत्या. ते ठिकाण २०१७ च्या मार्चच्या आरंभी बंद झाले. तयार आवृत्त्यांची गाठोडी पगुर या नव्या ठिकाणी ठेवण्यात आली, तर चालू काम गिटहबवर गेले.

आता कोणी म्हणेल, नवी आवृत्ती नेली म्हणजे झाले, जुनी कोणाला हवी? आपण घाटमाथ्याची माणसे. मुंबई ते इगतपुरी डीसी वीज आणि पुढे एसी वीज असे, त्या काळात गाड्यांची इंजिने आपल्याच स्टेशनात बदलत. इंजिन नवे लागले म्हणून मागचे चार डबे यार्डात सोडून गाडी भुसावळकडे निघाली, असे आपल्यापैकी कोणी ऐकले आहे काय?

जुनी आवृत्ती लागते, आणि ती लागण्याची कारणे रोकडी आहेत. लोहित-२ या कामात अक्षरे जोडण्याचे नियम नव्याने लिहिले गेले. जुन्या आवृत्तीत मांडलेले पान नव्या आवृत्तीत उघडले तर एखादे जोडाक्षर वेगळे दिसू शकते, ओळ भलत्या शब्दावर तुटू शकते. शिवाय २०११ पर्यंत लोहित एका परवान्याखाली होता आणि त्या वर्षी दुसऱ्या, फॉन्टसाठीच केलेल्या परवान्याखाली आला. कोणती आवृत्ती कोणत्या अटीवर दिली होती, याचा पुरावा त्या गाठोड्यातल्या कागदात असतो. तिसरे असे की फेडोरा, डेबियन यांसारख्या लिनक्स बांधणाऱ्यांच्या कृतीत मूळ फाइल कोठून घ्यावी याचा पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता मेला की कृती अडते. शाळेतून वीस वर्षांपूर्वी गेलेला मुलगा दाखल्यासाठी येतो, तेव्हा आम्ही त्याला यंदाचे हजेरीपुस्तक दाखवत नाही. जनरल रजिस्टरच काढावे लागते.

म्हणून हुबेहूब प्रत करायची. तिला मिरर, म्हणजे आरसा, म्हणतात. येथे पुष्कळांची गफलत होते. गिट नावाच्या साधनात एका आज्ञेने साऱ्या कामाचा इतिहास उचलता येतो, आणि माणूस समजतो की घर रिकामे झाले. परंतु वेगळी चढवलेली तयार गाठोडी, लोकांनी कळवलेल्या चुकांची यादी, टपालयादीतील चर्चा ही त्या इतिहासात नसतात. ती पोटमाळ्यावरच्या पेटीसारखी मागे राहतात, आणि नवा भाडेकरू आला की भंगारात जातात.

प्रत खरी उतरली हे कसे ओळखावे? सहलीहून परतताना आपण मुलांची डोकी मोजतो. पण डोकी बरोबर भरली म्हणजे बसमध्ये आपलीच मुले आहेत असे नव्हे, म्हणून नावे घेऊन हजेरी घ्यावी लागते. फायलींची अशी हजेरी म्हणजे चेकसम. शा-२५६ या रीतीने कोणत्याही फायलीपासून ६४ अंक-अक्षरांची एक ओळ निघते. आत एक स्वल्पविराम बदलला तरी सबंध ओळ बदलते. हा ठसा जुने घर उघडे असतानाच घेऊन ठेवायचा. कुलूप लागल्यावर ताडून पाहायला काहीच उरत नाही. आणि जमेल तितके दिवस जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवण्याची सोय ठेवायची.

मोठ्या घरांवरही विसंबू नये. गूगलने आपले गूगल कोड बंद करण्याचे मार्च २०१५ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद केले. जेमतेम दहा महिने. ज्या कामांचे मालक तोवर पांगले होते, त्यांच्यासाठी हलवाहलव करणार कोण? गूगलने जुन्याचे एक संग्रहालय ठेवले म्हणून पुष्कळ वाचले. फ्रान्समध्ये सॉफ्टवेअर हेरिटेज नावाचा उपक्रम २०१६ पासून जगभरची खुली सॉफ्टवेअरे साठवतो, आणि डेबियनचे स्वतःचे कोठार २००५ पासूनची पॅकेजे तारीखवार ठेवते. ही थोर कामे आहेत. पण मराठीच्या फॉन्टची काळजी फ्रान्सने घ्यावी आणि आपण स्वस्थ बसावे, हे मला पटत नाही.

आणि हलवाहलव संपलेली नाही. पगुर हा फ्रेंच शब्द आहे. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा, वाढला की शंख बदलणारा खेकडा, असा त्याचा अर्थ. नाव खरे ठरले. फेडोराने २०२४ साली पगुर सोडून फोर्जेयो ही नवी व्यवस्था घेण्याचे ठरवले. म्हणजे पुन्हा पेट्या बांधणे आले.

आपल्या संगणक कक्षात यंदा नववीची मुले हे काम करणार आहेत. पगुरवर असलेल्या लोहित देवनागरी आणि लोहित मराठीच्या आवृत्त्या त्यांनी उतरवायच्या, प्रत्येकीचा ठसा काढायचा आणि तो वहीत हाताने लिहायचा. एकाने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने ताडून पाहायचे. एक प्रत कक्षातील संगणकावर, दुसरी कार्यालयाच्या कपाटात, तिसरी गावाबाहेर, नाशिकला राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडे. वही मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत राहील, कारण आपला पाऊस आपणांस ठाऊक आहे.

ज्या पालकांच्या घरी आपल्या जुन्या स्मरणिकांच्या मजकुराच्या सीडी असतील, त्यांनी त्या कोणत्या फॉन्टमध्ये जुळवल्या होत्या एवढे चिठ्ठीवर लिहून शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आणून द्याव्यात. फॉन्टचे नाव आठवत नसेल तर जेथे छापले त्या मुद्रकाचे नाव लिहिले तरी चालेल.