गळालेल्या नावांची नोंद





युवा विकासाच्या कामाचा पुरावा कसा गोळा करायचा आणि तो एकमेकांना कसा द्यायचा, यासाठी आपण कार्यकर्ते, शिक्षक, संशोधक आणि तरुण मित्रमैत्रिणी नागपूरच्या सदर भागात जमलो आहोत. नागपूरला या कामाची ओळख आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांच्या पायाशी फुटबॉल ठेवला आणि ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २०१६ मध्ये तिला फिफाचा पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये सरांच्या कामावरचा ‘झुंड’ हा चित्रपट आला. पोरांची व्यसने आणि भांडणे सगळ्यांनाच दिसत होती. सरांना त्यांचा खेळ दिसला. ही नजर आपल्या कामाचा पाया आहे.

मात्र नुसत्या नजरेवर काम पुढे जात नाही. विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली, ४७ गावे तुलनेला ठेवली आणि दोन्हीकडचे जन्म-मृत्यू नोंदवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते आकडे छापले. पुढे ही पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या हाती गेली. आकडे चोख होते, म्हणूनच ती गडचिरोलीबाहेर पडली.

आता आपली युवा शिबिरे पाहू. अहवालात समारोपाचा फोटो असतो, टाळ्या असतात. हजेरीपट उघडला की दुसरेच दिसते. एका मुलीच्या नावापुढे चार आठवडे ‘हजर’, मग ‘गैरहजर’, मग आडवी रेघ. तिचे लग्न ठरले, की धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी राहिली? ते कुठेच लिहिलेले नसते. माझ्या मते आपला सगळ्यात मोलाचा पुरावा त्या रेघेपाशीच हरवतो. देणगीदार नाराज होईल या धास्तीने आपण तो झाकतो, आणि मग पुढच्या तालुक्यातली संस्था पुन्हा त्याच जागी ठेचकाळते.

दोन गोष्टी आवर्जून मागतो. फसलेला उपक्रम इथे मोकळेपणाने मांडा. त्याबद्दल कुणाला कमी लेखले जाणार नाही. आणि काय मोजायचे, हे ठरवताना समोर बसलेल्या या मुलामुलींना विचारा. बदल त्यांच्या आयुष्यात व्हायचा आहे.

राहण्या-जेवण्यात काही कमी पडले तर स्वागत समितीला हक्काने सांगा. हजेरीपट सोबत आणले असतील, तर पहिल्याच सत्रात टेबलावर ठेवा.